त्वचेला तेल लावण्याआधी: कोणतं, कुठं, किती आणि कधी नाही

‘त्वचेसाठी सगळ्यात चांगलं तेल कोणतं?’ असं कुणी विचारलं की एखादं नाव सांगून मोकळं होता येतं. पण ते नाव विचारणाऱ्याच्या उपयोगी पडेलच असं नाही. नडग्यांचा कोरडेपणा घालवणारं तेल त्याच माणसाच्या कपाळावर बारीक पुटकुळ्या उठवू शकतं. मोठ्यांना मानवणारं तेल तान्ह्या बाळाला त्रास देऊ शकतं. म्हणून तेलाच्या नावाकडे थोडं उशिरा येऊ. आधी तेलाचं काम काय, मग तुमची त्वचा कशी, मग चाचणी आणि शेवटी लावायची रीत, या क्रमानं गेलात तर चुकण्याची शक्यता बरीच कमी होते.

हे सगळं निरोगी किंवा फक्त कोरड्या त्वचेसाठी आहे. एक्झिमा, सोरायसिस किंवा दुसऱ्या एखाद्या त्वचारोगावर उपचार चालू असतील, तर तेल त्या उपचारांच्या जोडीला चालेल का, हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. औषध बंद करून त्याजागी तेल, हा बदल परस्पर करू नका.

## तेल नेमकं काय करतं

त्वचेचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा असतो आणि तो कागदापेक्षाही पातळ असतो. त्याची रचना भिंतीसारखी आहे: पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्यामध्ये सेरामाइड, कोलेस्टेरॉल व फॅटी अ‍ॅसिड या चरबीयुक्त द्रव्यांचा गिलावा. हा गिलावा शाबूत असला की शरीरातलं पाणी आत राहतं आणि बाहेरचे जंतू, धूळ, रसायनं बाहेर. कडक साबण, कढत पाणी, कोरडी हवा आणि वाढतं वय यांनी तो झिजतो. मग त्वचा ओढल्यासारखी वाटते, पांढरट पडते, खाजते.

अशा त्वचेवर तेल दोन कामं करतं. सुटत आलेल्या पेशींच्या खरखरीत कडा ते बसवतं, त्यामुळे हाताला लगेच मऊपणा जाणवतो. आणि वर पातळ थर धरून पाण्याचं बाष्पीभवन थोडं कमी करतं. तेलात स्वतःचं पाणी अजिबात नसतं, हे इथं लक्षात ठेवायचं. ते त्वचेला पाणी देत नाही, असलेलं अडवतं. संपूर्ण कोरड्या अंगावर तेल चोळून ‘तरी कोरडंच वाटतंय’ अशी तक्रार करणारे बहुतेक जण नेमकं हेच विसरलेले असतात.

पाणी अडवण्यातही वनस्पती तेलं मध्यमच. पेट्रोलियम जेलीचा जाड थर बाष्पीभवन ९८ टक्क्यांच्या आसपास रोखू शकतो, तर तेलकट पदार्थांचा आकडा साधारण २० ते ३० टक्के धरला जातो. फुटलेल्या टाचांना आणि भेगा पडलेल्या हातांना तेलापेक्षा जेली जास्त गुण देते, ती त्यामुळेच. ती वनस्पतीपासून बनत नाही हा काही तिचा दोष नाही.

तेल खोलवर, अगदी हाडांपर्यंत जिरतं असंही ऐकायला मिळतं. लेझर सूक्ष्मदर्शकाखाली बदाम, सोयाबीन, अव्होकाडो, जोजोबा यांसारखी तेलं पाहिली गेली, तेव्हा ती सगळ्यात वरच्या थराच्या पहिल्या काही पेशींपर्यंतच पोचलेली दिसली. चोळल्यावर अंग मोकळं वाटतं, त्याचं श्रेय बहुतांशी हाताच्या दाबाला आहे. तेलामुळे हात सरकतो इतकंच.

## पायरी १: बाटलीत काय आहे ते ओळखा

‘वनस्पती तेल’ या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक म्हणजे बियांमधून किंवा फळांमधून काढलेलं साधं तेल: सूर्यफूल, करडई, तीळ, बदाम, खोबरेल, ऑलिव्ह, एरंडेल. दुसरी म्हणजे इसेन्शियल ऑइल: लव्हेंडर, टी ट्री, निलगिरी, पेपरमिंट, लिंबाच्या सालीचं तेल. ही वनस्पतीतली उडून जाणारी सुगंधी द्रव्यं असतात, अत्यंत तीव्र, आणि त्यांचं वागणं साध्या तेलासारखं मुळीच नसतं. त्यांच्याकडे पुढे स्वतंत्रपणे येऊ. तोवर ‘तेल’ म्हणजे पहिला प्रकार.

साधं तेल त्वचेशी कसं वागेल, हे त्यातल्या फॅटी अ‍ॅसिडवर बरंच अवलंबून असतं. नवख्या माणसानं दोन नावं लक्षात ठेवली तरी पुरे: लिनोलेइक आणि ओलेइक.

लिनोलेइक अ‍ॅसिड शरीराला स्वतः बनवता येत नाही. १९२९ मध्ये बर या शास्त्रज्ञ दांपत्यानं उंदरांना चरबीविरहित आहार दिला, तेव्हा त्यांची त्वचा खवल्याखवल्यांची झाली, आणि आहारातली काही फॅटी अ‍ॅसिडं अत्यावश्यक आहेत हे त्यातून पुढे आलं. त्वचेच्या गिलाव्यातली एक महत्त्वाची सेरामाइड जात लिनोलेइक अ‍ॅसिड वापरूनच तयार होते. १९७०च्या दशकात, ज्यांच्या शरीरात याची कमतरता होती अशा रुग्णांच्या हातावर सूर्यफूल तेल चोळून पाहिलं, तर तिथली त्वचा सुधारली. करडई, सूर्यफूल आणि द्राक्षबियांचं तेल ही लिनोलेइकनं भरलेली तेलं. करडईत ते जवळपास तीन चतुर्थांश असतं.

ओलेइक अ‍ॅसिडनं भरलेली तेलं म्हणजे ऑलिव्ह आणि बदाम. ती लावल्यावर छान मऊ वाटतात, पण ओलेइक अ‍ॅसिड वरच्या थरातल्या चरबीची रचना विस्कळीत करतं. त्वचेतून औषध आत पोचावं म्हणून ते मुद्दाम वापरतात, ते याच गुणासाठी. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात प्रौढांच्या हातावर काही आठवडे दिवसातून दोनदा ऑलिव्ह तेलाचे थोडे थेंब लावले गेले. त्वचेचा संरक्षक थर कमकुवत झाला आणि सौम्य लाली आली. एक्झिमाचा इतिहास नसलेल्यांनाही ती आली. त्याच अभ्यासात सूर्यफूल तेलानं त्वचेचा ओलावा वाढवला आणि थराला धक्का लावला नाही. ऑलिव्ह तेल स्वयंपाकघरात उत्तम आहे. चेहऱ्यावर रोज लावायला मी ते कुणालाच सुचवणार नाही.

इथं एक गोम आहे. बाजारातलं बरंचसं सूर्यफूल आणि करडईचं तेल आता ‘हाय ओलेइक’ वाणांपासून काढलेलं असतं. तळणीला ते जास्त टिकतं म्हणून. वर नाव सूर्यफुलाचं आणि आत ओलेइक अ‍ॅसिड ऑलिव्हइतकं, असा प्रकार होतो. म्हणून वेष्टनावर ‘हाय ओलेइक’ लिहिलंय का ते पाहा. पोषणमूल्यांच्या तक्त्यात पॉलीअनसॅच्युरेटेड चरबी (लिनोलेइक या गटात येतं) मोनोअनसॅच्युरेटेडपेक्षा (ओलेइकचा गट) ठळकपणे जास्त असेल, तर ते जुन्या प्रकारचं, लिनोलेइकवालं तेल समजावं.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. खोबरेल तेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक अ‍ॅसिड असतं, जे काही जिवाणूंना रोखतं. फिलिपाइन्समध्ये एक्झिमा असलेल्या मुलांवर आठ आठवडे केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत व्हर्जिन खोबरेल हे मिनरल ऑइलपेक्षा, म्हणजे पेट्रोलियमपासून बनणाऱ्या तेलापेक्षा, सरस ठरलं. हातापायांच्या कोरडेपणाला चांगलं, मुरमांच्या चेहऱ्याला जड. तिळाच्या तेलात लिनोलेइक आणि ओलेइक जवळपास सारखं, म्हणून ते मधलं. एरंडेल फार घट्ट आणि चिकट, ते एकटं लावण्यापेक्षा दुसऱ्या तेलात थोडं मिसळावं. जोजोबा हे खरं तर तेल नसून द्रवरूप मेण आहे. ते सहसा खवट होत नाही, त्वचेवर हलकं बसतं, आणि फारसा विचार न करता एक बाटली घ्यायची असेल तर ती याची घ्यावी. मोहरीच्या तेलातला झणझणीतपणा अ‍ॅलिल आयसोथायोसायनेट या दाहक द्रव्याचा असतो. ‘ऊब येते’ असं वाटतं ती त्वचेची जळजळ असते. संवेदनशील त्वचेवर आणि बाळांवर ते टाळावंच.

आणि रिफाइंड की घाण्याचं? खाण्याच्या बाबतीत लोक घाण्याच्या तेलाकडे वळलेत. त्वचेसाठी मात्र उत्तर तितकं सरळ नाही. घाण्याच्या तेलात व्हिटॅमिन ई जास्त टिकतं हे खरं, पण त्याबरोबर बियांमधली प्रथिनं आणि सुगंधी अंशही राहतात, आणि अ‍ॅलर्जी होते ती बहुधा यांच्यामुळे. त्वचा पटकन लाल होणाऱ्यांना रिफाइंड तेल अधिक निर्धोक ठरू शकतं. शेंगदाणा, तीळ किंवा बदामाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी मात्र त्यांचं तेल, कोणत्याही प्रकारचं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

## पायरी २: त्वचा आणि जागा पाहा

कोरडी त्वचा असेल आणि मुरूम येत नसतील, तर हातापायांना वरीलपैकी बहुतेक तेलं चालतील. इथं फार डोकं लढवायला नको.

चेहऱ्याचं प्रकरण वेगळं. मुरूम येणाऱ्या त्वचेसाठी अनेक जण ‘कोमेडोजेनिक’ गुणांकनाचा आधार घेतात: शून्य म्हणजे रंध्रं बंद करत नाही, पाच म्हणजे नक्की करतं. ही गुणांकनं प्रामुख्यानं सशाच्या कानाच्या आतल्या त्वचेवरच्या चाचण्यांतून आली. क्लिगमन आणि मिल्स या संशोधकांनी १९७२ मध्ये ही पद्धत पुढे आणली. सशाचा कान माणसाच्या चेहऱ्यापेक्षा कितीतरी संवेदनशील असतो, आणि शुद्ध तेलाचा आकडा क्रीममधल्या दोन टक्के तेलाला लागू होत नाही. तेव्हा हे तक्ते अंदाजापुरते ठेवा. खोबरेल चेहऱ्याला नको, इतका बोध त्यातून घेतला तरी चालेल. माझं मत विचाराल तर, मुरूम सक्रिय असताना चेहऱ्यावर तेल लावूच नये, तेलविरहित मॉइश्चरायझर वापरावं. त्या काळात तेलानं मिळणारा फायदा फार थोडा असतो.

त्याहून फसवा प्रकार मालासेझिया या बुरशीचा. ही यीस्ट जवळजवळ प्रत्येकाच्या त्वचेवर असते आणि चरबीवर जगते. प्रयोगशाळेत तिला वाढवायचं असेल तर तिच्यावर चक्क ऑलिव्ह तेल ओततात. डोक्यातला कोंडा, नाकाच्या कडेला आणि भुवयांत निघणारे पिवळसर तेलकट पापुद्रे, छातीवर व पाठीवर उठणाऱ्या एकसारख्या आकाराच्या खाजऱ्या पुटकुळ्या, या सगळ्यांशी तिचा संबंध आहे. पापुद्रे दिसले की त्वचा कोरडी पडली असं वाटतं, म्हणून आणखी तेल लावलं जातं, आणि त्रास वाढत जातो. तेल लावल्यानं पापुद्रे दोन दिवस बसतात आणि मग दुपटीनं येतात, असं होत असेल तर तेल थांबवा. त्यावर बुरशीरोधक शांपू किंवा मलम लागतं.

काखा, जांघा, स्तनांखाली, पायाच्या बोटांच्या बेचक्यात तेल नको. तिथं ओल आधीच अडकलेली असते. मधुमेह असलेल्यांनी पाय जरूर मऊ ठेवावेत, पण बोटांमधली जागा कोरडीच ठेवावी.

## पायरी ३: आधी चाचणी, मग वापर

एकदा मनगटावर थेंब लावून तासाभरानं ‘काही झालं नाही’ म्हणणं ही चाचणी नव्हे. संपर्कातून येणारी अ‍ॅलर्जी उशिरा उमटते, बऱ्याचदा दोन ते तीन दिवसांनी, आणि कधी कधी ती वारंवार लावल्यावरच दिसते.

कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढी जागा ठरवा. तिथं तेल सकाळ-संध्याकाळ लावा, धुवून काढू नका, आणि हे सात ते दहा दिवस चालू ठेवा. त्या जागी दुसरं काहीही लावायचं नाही. खाज, लाली, बारीक पुरळ, सूज यांपैकी काहीही दिसलं तर थांबा. इसेन्शियल ऑइल मिसळलेलं मिश्रण असेल, तर ज्या प्रमाणात वापरणार त्याच प्रमाणात करून तपासा. तीव्र तेल तसंच लावून चाचणी करू नये.

चेहऱ्यासाठी तेल घेणार असाल तर कोपराची चाचणी पार पडल्यावर जबड्याच्या कडेला आणखी आठवडाभर लावून पाहा. रंध्रं बंद होऊन पुटकुळ्या यायला काही आठवडेही लागतात, त्यामुळे पहिल्या महिन्यात दुसरं कोणतंही नवं उत्पादन सुरू करू नका. दोन नव्या गोष्टी एकदम आल्या की दोष कुणाचा, ते कधीच कळत नाही.

## पायरी ४: लावायची रीत

आंघोळ कोमट पाण्यानं, आटोपशीर. कढत पाण्यानं त्वचेची स्वतःची चरबी वाहून जाते आणि मग वरून लावलेलं तेल ती उणीव भरून काढू शकत नाही. टॉवेलनं अंग घासू नका, टिपा. त्वचा दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत तेल लावा. अख्ख्या अंगाला एक ते दोन चमचे तेल पुरतं. तळहातावर घेऊन आधी दोन्ही हातांना पसरवा, मग केस ज्या दिशेनं उगवतात त्या दिशेनं हात फिरवा. उलट्या दिशेनं जोरात चोळलं की केसांच्या मुळांशी तेल साचून पुळ्या येऊ शकतात.

चेहऱ्याला दोन ते चार थेंब. इतकं कमी पाहून हात आखडता घेतल्यासारखं वाटतं, पण याहून जास्त तेल फक्त उशीच्या अभ्र्याला लागतं. आधी पाण्यावर आधारलेलं मॉइश्चरायझर किंवा ग्लिसरीन असलेलं सीरम, आणि सगळ्यात शेवटी तेल. मॉइश्चरायझर ओलावा आणतं, तेल तो धरून ठेवतं. डोळ्यांच्या कडेला लावू नका. ते पसरून डोळ्यांत जातं, दिसायला धूसर होतं आणि कॉन्टॅक्ट लेन्सवर थर जमतो.

चेहऱ्याच्या तेलासाठी रात्रीची वेळ बरी. दिवसा तेलावर सनस्क्रीन नीट बसत नाही, आणि सनस्क्रीनवर तेल चोळलं तर त्याचा एकसंध थर विस्कटतो. खोबरेल किंवा गाजराच्या बियांचं तेल हेच सनस्क्रीन आहे, असे सल्ले फिरत असतात. काही प्रयोगशाळांत खोबरेल आणि ऑलिव्ह तेलाचा एसपीएफ सात-आठच्या आसपास मोजला गेलाय, पण ती मोजणी काचेच्या नळीतली होती, त्वचेवरची नव्हे. तिच्या भरवशावर उन्हात जाऊ नये. किमान ३० एसपीएफचं सनस्क्रीन लागतंच.

तेलानं मेकअप आणि सनस्क्रीन काढणं हा मात्र मला तेलाचा सगळ्यात कमी वादाचा उपयोग वाटतो. कोरड्या चेहऱ्यावर तेल हलकेच फिरवा, मेकअप सुटला की पुसा, आणि मग सौम्य फेसवॉशनं धुवा. धुण्याची ही दुसरी पायरी गाळू नका.

तेल लावल्यावर बाथरूममध्ये जपून चाला. फरशीवर सांडलेला थेंब लगेच पुसा. वयस्कर माणसं घरात असतील तर अंगाला तेल बाथरूमबाहेर, बसून लावणं शहाणपणाचं.

## इसेन्शियल ऑइल: इथं हात राखून

तेलांमुळे त्वचेची तक्रार घेऊन येणाऱ्यांत मोठा वाटा या बाटल्यांचा असतो. ही तेलं तीव्र स्वरूपात त्वचेवर कधीच लावू नयेत. साध्या तेलात मिसळून वापरायची, तीही बेतानं: चेहऱ्यासाठी एक टक्क्याहून कमी, अंगासाठी फार तर दोन टक्के. एका मिलीलीटरमध्ये साधारण २० थेंब धरले, तर ३० मिलीलीटर साध्या तेलात सहा थेंब म्हणजे एक टक्का. बाटल्यांचे थेंब लहानमोठे असतात, म्हणून चार-पाच थेंबांवरच थांबणं बरं.

पाण्यात टाकून आंघोळ करण्यातही धोका आहे. ही तेलं पाण्यात विरघळत नाहीत, वर तरंगतात आणि तशीच तीव्र अवस्थेत अंगाला चिकटतात.

जुनी बाटली तर आणखी वाईट. लव्हेंडरमधलं लिनालूल आणि लिंबूवर्गीय तेलांतलं लिमोनिन हवेशी संयोग पावतं तेव्हा हायड्रोपेरॉक्साइड तयार होतात, आणि अ‍ॅलर्जी घडवण्यात ते मूळ द्रव्यापेक्षा कितीतरी पटींनी पुढे असतात. टी ट्री तेलाचंही तसंच. एकदा अशी अ‍ॅलर्जी जडली की ती सहसा आयुष्यभर राहते. मग तेच द्रव्य असलेला साबण, शांपू, अत्तर, काहीही चालेनासं होतं. युरोपीय संघात असे सुगंधी घटक त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनात ०.००१ टक्क्याहून जास्त असतील तर वेष्टनावर नावानिशी छापावे लागतात. पूर्वी २६ घटकांची असलेली ही यादी २०२३ च्या नियमानं ८० च्या वर गेली.

बर्गामॉट, लिंबू यांच्या सालीच्या दाबून काढलेल्या तेलांत बर्गाप्टेनसारखी फ्युरोकुमॅरिनं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे काळपट डाग महिनोनमहिने राहतात. ही तेलं लावून उन्हात जाऊ नका. घ्यायचीच असतील तर फ्युरोकुमॅरिन काढून टाकलेली घ्या.

टी ट्री तेलाच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी. १९९० मध्ये १२४ जणांवर झालेल्या चाचणीत ५ टक्के टी ट्री जेलनं मुरूम कमी केले. मुरमांवरच्या नेहमीच्या औषधापेक्षा, म्हणजे ५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइडपेक्षा, गुण उशिरा आला, पण जळजळ आणि कोरडेपणा कमी झाला. म्हणजे उपयोग आहे, फक्त तो ठरावीक प्रमाणात बनवलेल्या जेलचा. बाटलीतला थेंब कापसानं थेट पुटकुळीवर टेकवणं वेगळं.

## बाळांसाठी

बाळाला तेल लावणं सुरक्षितच असतं असं गृहीत धरलं जातं, म्हणून इथं थोडं थांबू. २०१६ मध्ये मँचेस्टरच्या संशोधकांनी नवजात बाळांवर ऑलिव्ह आणि सूर्यफूल तेल चार आठवडे वापरून पाहिलं. दोन्हींनी ओलावा वाढला, पण त्वचेतल्या चरबीच्या थरांची जी मांडणी जन्मानंतर आपसूक घडत जाते, ती तेल न लावलेल्या बाळांच्या तुलनेत मागे राहिली. दुसरीकडे, ढाक्यातल्या एका रुग्णालयात ३३ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांना सूर्यफूल तेल लावलं, तेव्हा रुग्णालयात होणारे संसर्ग ४१ टक्क्यांनी कमी आढळले. तो अभ्यास २००५ चा. फार अपुऱ्या दिवसांच्या, अतिशय नाजूक त्वचेच्या आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालच्या बाळांबद्दलचा तो निष्कर्ष आहे. घरच्या, पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळाला तो जसाच्या तसा लागू होत नाही.

यावरून मी असं धरतो: पहिल्या महिन्यात निरोगी बाळाला तेलाची गरज नाही. नंतर मालिश करायचीच असेल तर सौम्य, बिनवासाचं, लिनोलेइकवालं तेल थोडंसं. ऑलिव्ह आणि मोहरी नको. शेंगदाणा तेलही नको. २००३ मधल्या एका ब्रिटिश अभ्यासात दाह झालेल्या त्वचेवर शेंगदाणा तेल असलेली मलमं लावणं आणि पुढे शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी होणं यांचा संबंध दिसला होता.

नाकात आणि कानात तेल घालू नका. नाकातलं तेल फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. कापूर, निलगिरी, पेपरमिंट असलेली तेलं लहान मुलांच्या चेहऱ्याजवळही नेऊ नका, आणि त्या बाटल्या त्यांच्या हाती लागतील अशा ठेवू नका. कापूर किंवा निलगिरीचं तेल पोटात गेलं तर मुलाला झटके येऊ शकतात. कडुनिंबाचं तेल पाजल्यानंही बाळांच्या मेंदूवर गंभीर परिणाम झालेले आहेत.

## कधी लावायचंच नाही

ताज्या भाजलेल्या जागेवर तेल नाही. ते उष्णता आत कोंडतं. वाहत्या थंड पाण्याखाली २० मिनिटं, बर्फ नाही, आणि मग डॉक्टर.

उघडी जखम, पू झालेली पुळी, गजकर्ण, घामोळं यांवरही नाही. गजकर्णाची कड तेलानं काही दिवस मऊ दिसते, बुरशी मात्र पसरत राहते.

व्रणावर व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून लावणारे बरेच भेटतात. १९९९ च्या एका छोट्या अभ्यासात शस्त्रक्रियेच्या व्रणांवर ते लावून पाहिलं. बहुतेकांच्या व्रणात फरक पडला नाही किंवा तो आणखी वाईट दिसू लागला, आणि तिघांतल्या एकाला त्वचेची अ‍ॅलर्जी झाली. सिलिकॉन जेलचा पर्याय त्याहून बरा.

लेटेक्सचे कंडोम आणि हातमोजे तेलानं काही मिनिटांतच कमकुवत होतात. तेलाची मालिश आणि लेटेक्स एकत्र येऊ देऊ नका, पाण्यावर किंवा सिलिकॉनवर आधारलेलं वंगण वापरा.

आगीचा धोका तर लोकांच्या ध्यानातही नसतो. तेल मुरलेले कपडे, चादरी, बँडेज साध्या कापडापेक्षा झपाट्यानं पेटतात, आणि धुतल्यावरही तेल पूर्ण निघत नाही. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेनं २०१८ मध्ये त्वचा मऊ करणाऱ्या सगळ्याच उत्पादनांबद्दल असा इशारा दिला. अंगाला तेल लावून शेगडीपाशी, सिगारेट ओढणाऱ्याजवळ बसू नका. मालिशचे टॉवेल गरम ड्रायरमधून काढून घडी करून तसेच रचून ठेवू नका. जवसाच्या तेलानं भिजलेली फडकी ढिगात राहिली तर आपोआप तापून पेटू शकतात. ती पसरून वाळवावीत.

## साठवण

तेलाचे तीन शत्रू: हवा, उजेड, उष्णता. गडद काचेची, लहान बाटली घ्या आणि उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा. लिनोलेइकवाली तेलं गुणकारी खरी, पण खवटही तीच लवकर होतात. जवस, रोझहिप, द्राक्षबी ही तेलं फ्रिजमध्ये ठेवा आणि उघडल्यावर सहा महिन्यांत संपवा. खोबरेल सुमारे २४ अंश सेल्सिअसखाली गोठतं, त्यात बिघाड काही नाही. जोजोबा आणि खोबरेल बराच काळ टिकतात. तेलाला जुन्या रंगाचा किंवा खवट वास येऊ लागला, तळाशी गाळ दिसला किंवा तोंडाशी चिकट साय धरली, की ते त्वचेवर लावू नका.

घरी तेलात ताजी पानं, कोरफडीचा गर, कांद्याचा रस घालून ठेवू नका. शुद्ध तेलात पाणी नसतं म्हणून त्यात जंतू वाढत नाहीत. पाण्याचा अंश शिरला की वाढतात, आणि ते वासावरून दर वेळी कळत नाही. व्हिटॅमिन ई घातलं तर खवटपणा लांबतो, जंतू थांबत नाहीत. पानांचा अर्क हवाच असेल तर ती पूर्ण वाळवून घ्या आणि थोडंच करा.

## पुरळ उठलीच तर

कोमट पाणी आणि सौम्य साबणानं तेल धुवून काढा, लावणं थांबवा, आणि त्या जागी दुसरं तेल उताऱ्यादाखल लावू नका. साधी पेट्रोलियम जेली चालेल. सौम्य लाली दोन-चार दिवसांत उतरते. चेहरा किंवा ओठ सुजले, श्वास लागला, तर वेळ न घालवता रुग्णालय गाठा. फोड आले, पुरळ लावलेल्या जागेबाहेर पसरली किंवा आठवडाभरात कमी झाली नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

जाताना ती बाटली सोबत न्या. राग येऊन फेकून देऊ नका. वेष्टनावरची घटकांची यादी, आणि शक्य असेल तर पाठीवर पट्ट्या चिकटवून केली जाणारी पॅच टेस्ट, यांवरून नेमका कोणता घटक तुम्हाला सोसत नाही ते शोधता येतं. ते नाव कळलं की ते लिहून घ्या आणि पुढचं प्रत्येक उत्पादन विकत घेण्याआधी यादीत शोधा. वनस्पतीचं नाव तिथं बहुधा लॅटिनमध्ये असतं: हेलिअ‍ॅन्थस अ‍ॅन्युअस म्हणजे सूर्यफूल, कोकोस न्युसिफेरा म्हणजे नारळ, ओलिया युरोपिया म्हणजे ऑलिव्ह, सेसॅमम इंडिकम म्हणजे तीळ. आणि ‘परफम’ (Parfum, म्हणजे सुगंध) असं लिहिलं असेल तर त्या एका शब्दाआड कितीही सुगंधी द्रव्यं असू शकतात.